‘अंधश्रद्धा’ हा शब्द जादूटोणाविरोधी कायद्याच्या व्याख्येत का नाही

आपल्या संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ असे शब्द आहेत. म्हणजे ‘श्रद्धा’ तिथे आहे, पण ‘अंधश्रद्धा’ कुठल्याच अनुच्छेदात सापडत नाही. महाराष्ट्रात मात्र धर्म आणि कायदा यांच्यावरचा कुठलाही वाद दहाव्या मिनिटाला तिथेच येऊन थांबतो: श्रद्धा कुठली, अंधश्रद्धा कुठली आणि हे ठरवणारे तुम्ही कोण?

2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वाचताना म्हणूनच गंमत वाटते. त्याचं पूर्ण नाव इतकं लांबलचक आहे की ते वाचून संपेपर्यंत चहा निवतो: ‘महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा’ इथून सुरू होऊन ते ‘समूळ उच्चाटन’ करत संपतं. एवढ्या नावात ‘अंधश्रद्धा’ नाही, आणि व्याख्येच्या कलमातही नाही. व्याख्या काय सांगते? तर अनुसूचीत लिहिलेली कृत्यं स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं किंवा करायला चिथावणं. अनुसूचीत 12 नोंदी आहेत आणि गुन्हा तिथेच संपतो. तुमच्या मनात काय आहे, तुम्ही कुठल्या देवाला भजता, तुमचा कुंडलीवर किती भरवसा आहे, यातलं काहीही हा कायदा विचारत नाही.

हे असं का झालं, ते समजून घेतलं की श्रद्धेचं राजकारण कायद्याच्या मजकुरात कसं उतरतं ते जवळून दिसतं.

2005 पासून हे विधेयक अधिवेशनामागून अधिवेशन लोंबकळत राहिलं. काही वारकरी संघटना आणि हिंदुत्ववादी संघटनांचा आक्षेप साधा होता: उद्या वारी बंद पडेल, सत्यनारायणाच्या पूजेला पोलीस येतील, कीर्तनात ज्ञानोबांनी रेड्यामुखी वेद वदवले असं सांगितलं तर गुन्हा दाखल होईल. हे नुसतं भडकावणं होतं असं म्हणून सोडून देणं सोपं आहे, आणि काही जण भडकावत होतेही. पण ज्याची चाळीस वर्षं आषाढीला पायी जाण्यात गेली, त्याच्या कानाला ‘अनिष्ट प्रथा’ हा शब्द कसा लागत असेल याचा विचार कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही सुरुवातीला पुरेसा केला नाही असं माझं मत आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात, या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला.

मधल्या वर्षांतल्या वाटाघाटींचा माग कायद्यातच सापडतो. हा कायदा ज्यांना लागू नाही अशा गोष्टींची एक यादी त्यात आहे. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा. हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन. घरी, देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात, पॅगोडात, चर्चमध्ये केलेली पूजाप्रार्थना, जिच्यातून कुणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही. अंगात येणं, कडकलक्ष्मी, व्रतवैकल्यं, उपवास, नवस, मोहरमची मिरवणूक. मुलांचे कान-नाक टोचणं. जैनांचं केशलोचन. वास्तुशास्त्राचा सल्ला, ज्योतिष आणि हो, नंदीबैलवालेसुद्धा. भारतातल्या एखाद्या फौजदारी कायद्यात नंदीबैल आणि कडकलक्ष्मी यांना नाव घेऊन अभय मिळालेलं दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही. यातला प्रत्येक शब्द म्हणजे कुणाच्या तरी भीतीला दिलेलं लेखी उत्तर आहे. ज्योतिषाला यातून मोकळं सोडलं याचा विवेकवाद्यांना आजही राग आहे. तो समजण्यासारखा असला तरी ते अभय दिल्याशिवाय कायदा झाला असता असं मला वाटत नाही.

याच यादीतली एक ओळ फार विचारपूर्वक लिहिलेली आहे. होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं, त्यांचा प्रचार करणं, त्यावरची पुस्तकं वाटणं हा गुन्हा नाही. म्हणजे रेडा सुटला, भिंतही सुटली. पण अनुसूचीच्या दुसऱ्या नोंदीत हयात माणसाचं बघा: तथाकथित चमत्कार करून दाखवणं आणि त्यातून पैसे कमावणं, किंवा अशा चमत्काराचा प्रचार करून लोकांना फसवणं, त्यांच्यात दहशत पसरवणं. चमत्कार खरा की खोटा हा प्रश्नच कोर्टाने सोडवायचा नाही. पैसा गेला का, फसवणूक झाली का, लोक घाबरले का, एवढंच पाहायचं.

इथे संविधानाचा 25 वा अनुच्छेद हाताशी घेऊन बसावं. धर्मस्वातंत्र्याचं वाक्य तिथे सुरू होतं तेच ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य’ आणि मूलभूत हक्कांच्या भागातल्या इतर तरतुदींच्या अधीन राहून. आधी अट, मग हक्क. पुढच्या उपखंडात राज्याला दोन गोष्टींची मोकळीक आहे: धर्माशी निगडित आर्थिक, राजकीय किंवा इतर ऐहिक व्यवहारांचं नियमन, आणि सामाजिक कल्याण व सुधारणा यांसाठी कायदे. जादूटोणाविरोधी कायद्याच्या नोंदी या दारांतून आत येतात. कुत्रा चावल्यावर उपचार रोखणं हा आरोग्याचा विषय, चमत्कारातून पैसा हा ऐहिक व्यवहार, ‘मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस’ असं सांगून लैंगिक शोषण हा नीतिमत्तेचा, आणि बाईच्या स्वतःच्या जगण्याच्या हक्काचा, म्हणजे 21 व्या अनुच्छेदाचाही.

2 डिसेंबर 1948 ला डॉ. आंबेडकर संविधान सभेत म्हणाले होते की आपल्याकडे धर्माच्या कल्पना इतक्या अफाट आहेत की जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं आयुष्य त्या व्यापून टाकतात, तेव्हा धर्माची व्याख्या श्रद्धा आणि मुळातच धार्मिक असलेल्या विधींपुरती ठेवायला हवी. पुढे 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठाच्या खटल्यात ठरवलं की धर्माचा आवश्यक भाग कुठला हे त्या धर्माच्याच शिकवणुकीवरून पाहावं लागेल. हे शिरूर कर्नाटकातल्या उडुपीचं, आपलं पुण्याजवळचं नव्हे. त्याच आठवड्यात मुंबई राज्याच्या सार्वजनिक न्यास कायद्यावरच्या रतिलाल गांधी खटल्यात तेच सूत्र आलं. 1961 मध्ये अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी त्यात भर घातली: काही आचार धार्मिक वाटले तरी ते निव्वळ अंधश्रद्धेतून उगवलेले, धर्माला बाहेरून चिकटलेले असू शकतात, आणि त्यांना संरक्षण मिळेलच असं नाही. तेव्हापासून अमुक गोष्ट धर्माचा आवश्यक भाग आहे की नाही, हे काळा कोट घातलेली माणसं ठरवतात. त्याचा राजकारणावर झालेला परिणाम सरळ आहे. ज्याला संरक्षण हवं तो म्हणतो, आमचं सगळंच आवश्यक आहे. ज्याला सुधारणा हवी तो म्हणतो, हा मुळी धर्मच नव्हे. दोघांनाही टोकाचं बोलावं लागतं, कारण मधल्या बोलण्याला कोर्टात किंमत नाही.

हाजी अली दर्ग्याच्या खटल्यात हे छान दिसलं. मुंबई उच्च न्यायालयाने 26 ऑगस्ट 2016 ला निकाल देताना विचारलं की मजारीपर्यंत बायकांना मनाई हा इस्लामचा आवश्यक भाग असेल तर मग 2011-12 पूर्वी त्या आत कशा जात होत्या? न्यासाकडे याचं उत्तर नव्हतं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देण्याचा प्रश्न त्याच वर्षी वेगळ्या रस्त्याने सुटला. तिथे 1956 चा हिंदू सार्वजनिक पूजास्थान प्रवेश कायदा आधीच पुस्तकात पडून होता आणि अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिलेली होती. उच्च न्यायालयाने सरकारला एवढंच सांगितलं की असलेला कायदा वापरा.

जादूटोणाविरोधी कायदा या ‘आवश्यक भाग’ प्रकरणात पडतच नाही, आणि मला त्याची हीच गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते. एक नोंद अगदी शब्दाशब्दाने वाचू. नववी नोंद: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणं आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपचार करणं. यातला जीव ‘आणि’ या शब्दात आहे. दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये आजी मंत्र पुटपुटत असेल तर गुन्हा नाही. हनुमंताच्या देवळापाशी गाडी दोन मिनिटं थांबवली तरी नाही. भगताने ‘सुई टोचलीत तर विष चढेल, रात्रभर इथेच ठेवा’ असं म्हटलं की तो गुन्हा.

ती रात्र का महत्त्वाची, हेही सांगायला हवं, कारण साप उतरवणाऱ्यावरचा विश्वास मूर्खपणातून आलेला नाही. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही कधी कधी चावताना विष सोडतच नाही. त्यामुळे भगताकडे आलेले बरेचसे रोगी कुठल्याही उपचाराविना बरे होतात आणि त्याचं नाव होतं. उरलेल्यांत मण्यार असते. तिच्या दंशाची जागा धड सुजत नाही, दुखतही नाही, आणि काही तासांनी पापण्या जड होऊन श्वास अडकतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालतं. सुरुवातीची मात्रा साधारण 8 ते 10 कुप्यांची, आणि ती जितकी लवकर तितकी उपयोगी. विंचवाचंही तसंच. कोकणात इंगळी डसली की माणूस दगावायचा, तिथे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यावर मृत्यू झपाट्याने कमी झाले. कुत्र्याच्या चाव्यात तर चूक सुधारायला दुसरी संधी नाही. रेबीजची लक्षणं दिसली की उपचार संपले. जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुणं आणि त्याच दिवशी पहिली लस घेणं, याऐवजी दोरा बांधून बसलेला माणूस दीड महिन्याने जातो आणि तोवर दोऱ्याचा नि मरणाचा संबंध कुणाच्या लक्षात राहत नाही.

पाचवी नोंद याहून नाजूक आहे. अंगात येणं तर अपवादांच्या यादीत आहे. मग जत्रेत घुमणारी बाई, कोकणातला अवसर, देवीचा वारा, हे सगळं सुटलं का? सुटलं. पण अंगात अतींद्रिय शक्ती आहे असं भासवून लोकांच्या मनात भीती निर्माण करणं, किंवा सल्ला ऐकला नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं, हे पाचव्या नोंदीत येतं. म्हणजे अंगात आलेल्या देवीने ‘लेकरा, सुखी राहा’ म्हटलं तर ठीक. ‘अमावास्येच्या आत अकरा हजार आणून ठेव नाहीतर घरात मढं पडेल’ म्हटलं तर पोलीस ठाणं.

सहावी नोंद म्हणजे या कायद्याचं काळीज. अमका करणी करतो, अमकी मंत्राने जनावरांचं दूध आटवते, तिच्यामुळे गावात रोगराई आली, असं जाहीर करून एखाद्याचं जगणं मुश्किल करणं. नंदुरबारच्या डोंगरात ‘डाकीण’ ठरवलेल्या बाईला मारण्याआधी बरंच काही होतं: पाणवठ्यावर बोलणं बंद होतं, मजुरीला कोणी बोलावत नाही, पोरांना तिच्या अंगणात जाऊ देत नाहीत. ‘जुने कायदे पुरेसे आहेत’ म्हणणाऱ्यांना दाखवायची नोंद हीच. दैवी कोपाची भीती घालण्याबद्दल जुन्या दंडसंहितेत कलम 508 होतं (आता न्याय संहितेत 354), पण ते भीती दाखवून एखाद्याकडून काही करवून घेण्यापुरतं आणि शिक्षा फार तर एक वर्ष. मारहाणीची कलमं मारहाण झाल्यावरच लागतात. नुसतं बोट दाखवून गाव उठवणाऱ्या देवऋष्याला ती पकडत नव्हती.

आता प्रत्यक्षात काय बिघडतं. शिक्षा किमान सहा महिने, कमाल सात वर्षं. दंड 5,000 ते 50,000 रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तरीही तक्रारी फुसक्या निघतात, आणि याचा बराचसा दोष तक्रार लिहिणाऱ्याकडे असतो. कार्यकर्ता निवेदन लिहितो: ‘सदर भोंदूबाबा परिसरात अंधश्रद्धा पसरवत असून समाजाची दिशाभूल करीत आहे, तरी कठोर कारवाई व्हावी.’ या वाक्यात एकही गुन्हा नाही. ठाणे अंमलदार ते फाइलला लावून ठेवतो आणि त्याच्या दृष्टीने तो बरोबरच असतो.

चालणारी तक्रार अशी असते: कुठल्या तारखेला, किती वाजता, कुणाच्या घरी. बुवाने नेमके कुठले शब्द उच्चारले, जमल्यास त्याच्याच बोलीत. किती पैसे, रोख की यूपीआयने, कुणाच्या नंबरवर, त्याचा स्क्रीनशॉट. आजारी माणूस कुठल्या दवाखान्यात जाणार होता आणि कुणी थांबवलं. तिथे हजर असलेल्या दोघा-तिघांची नावं. शेवटी, हे अनुसूचीच्या कितव्या नोंदीत बसतं तो आकडा. नोंदीचा आकडा लिहिला की निम्मं काम होतं, कारण पोलिसाला कायद्याचं पुस्तक उघडावंच लागतं. मार लागला असेल तर वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. तिसऱ्या दिवशी वळ उतरतात आणि भूत उतरवायला दिलेल्या मिरचीच्या धुरीचा तर मागमूसही राहत नाही.

या कायद्यासाठी दक्षता अधिकारी असतो, किमान पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा, आणि त्याला आत शिरून झडती घ्यायचा अधिकार आहे. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम 173 प्रमाणे टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. नोंदवलेल्या गुन्ह्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्यावी. ‘अजामीनपात्र असूनही बाबा घरी कसा?’ असा संताप हमखास होतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना लगेच अटक करण्याऐवजी बहुतेक वेळा आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. त्यात फितुरी असेलच असं नाही.

दुसरी अडचण साक्षीदारांची. फसलेल्या माणसाला फसलो हे चारचौघांत सांगायचं नसतं, त्यातून मूल होण्यासाठी बुवाकडे गेलेल्या बाईला तर नाहीच नाही. शिवाय बुवा बहुधा तिच्याच जातीचा, गावचा, कधी नात्यातला असतो. निवडणुकीत त्याच्या मठावर सगळ्या पक्षांचे लोक पायधूळ झाडून गेलेले असतात. त्यामुळे कोर्टात पहिली साक्ष व्हायच्या आत तडजोडीचा दबाव सुरू होतो. त्यावर कागदाखेरीज उपाय नाही: रेकॉर्डिंग, पावती, पोस्टर, दंडाधिकाऱ्यासमोर लवकर नोंदवलेला जबाब.

जाहिरातींची एक वाट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये मोकळी केली. टीव्हीवर देवादिकांच्या नावाने यंत्रं विकली जायची, घेतलंत की संकटं पळतील असं सांगून. खंडपीठ म्हणालं की दैवी गुणधर्माचा दावा करून अशा वस्तू विकणं, त्यांची जाहिरात करणं या कायद्याखाली गुन्हा आहे. इथेही हनुमंतावरची भक्ती कोर्टासमोर नव्हतीच, समोर होतं ते यंत्र आणि त्याची किंमत. मूलभूत कर्तव्यांतला ‘विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन’, जो 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आला, तो अशा वेळी युक्तिवादाला जोड म्हणून चालतो. एकटा त्याच्या जोरावर कुणावर खटला भरता येत नाही.

बेळगाव-निपाणीकडच्या मराठी वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण त्यांना महाराष्ट्राचा कायदा लागू नाही. कर्नाटकाने 2017 मध्ये स्वतःचा केला आणि त्याची यादी निराळी आहे. उष्ट्या पत्रावळींवर लोळण्याचा मडेस्नान हा प्रकार तिथे नाव घेऊन बंद केला आहे. गुजरातचा कायदा 2024 चा. सीमेवरच्या गावात तक्रार लिहिताना घटना कुठल्या बाजूला घडली ते आधी पाहा, नोंदींचे आकडे जुळत नाहीत.

महाराष्ट्राच्या कायद्यात शेवटी-शेवटी एक तरतूद आहे जी कुणाच्या फारशी लक्षात राहत नाही. गुन्हा शाबित झाला की दोषी माणसाचं नाव-गाव कोर्टाला स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणता येतं. त्याच वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर वशीकरण, गृहक्लेश, प्रेमविवाह, ‘चोवीस तासांत गॅरंटी’ अशी चौकट असते, खाली दहा आकडी मोबाइल नंबर.